असंच, पण कुठपर्यंत?

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या प्रोग्रामने आज सकाळी मला मूर्खात काढलं. यंत्र दुरुस्त करणाऱ्या त्या यंत्रवाल्यांनी चष्मा लावून पडदा स्वतः वाचला आणि तसंच आहे अशी खात्री दिली. लाल अक्षरांत होतं: "ओळ ३. अनपेक्षित शब्द. काम थांबवले आहे."

अनपेक्षित कोण, तर मी! माझ्याच कारखान्यात, माझ्याच स्टुलावर बसलेली! तू रांगत होतीस तेव्हापासून मी स्वेटर विणून विकते आहे. मागच्या महिन्यात तू आलीस, यंत्राला ती पेटी जोडलीस आणि म्हणालीस, "आत्या, आता बटणं दाबायची नाहीत. नमुना तू बोलतेस तसा लिही, यंत्र वाचेल आणि विणेल." मी लिहिलं. "दोन सुलट, दोन उलट, हलक्या हाताने." तर म्हणे अनपेक्षित.

यंत्रवाले म्हणाले, "बाई, यंत्राला हात कुठे आहेत?"

मी म्हटलं, "तुम्हाला आहेत ना? मग तो ताण सैल करा." केला बिचाऱ्यांनी. पण अपमान व्हायचा तो झालाच.

गायनमंडळाची ऑर्डर आहे. ३० मार्चच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम, त्याआधी सगळ्यांना एकसारखे निळे स्वेटर हवेत. तेव्हा तुझ्या लेकराला जरा वळण लाव.

आणि हो, तुझा बाबा म्हणतो की तू हल्ली फोनवर फक्त "हं" म्हणतेस. काय झालंय? मला पत्रात लिही. फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि विसरतेस. कागदावरचं तुला नाकारता येत नाही.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

तुझी माफी मागते. त्याच्या वतीने आणि माझ्याही.

आत काय चालतं ते सांगते, म्हणजे राग जाईल. तू लिहिलेलं आधी एक जण हातात घेतो आणि त्याचे तुकडे करतो: "दोन", "सुलट", "दोन", "उलट". गुंत्यातून एकेक धागा वेगळा काढावा तसं. हा लेक्सर. मग दुसरा येतो आणि कोणता धागा कोणाशी बांधायचा ते ठरवतो: हा "दोन" त्या "सुलट"चा, तो "दोन" त्या "उलट"चा. हा पार्सर. माझं काम मात्र याच्याही एक पायरी मागचं. असे वाचणारे ज्याला हवे त्याला बनवता यावेत म्हणून मी हत्यारांचा संच लिहिला आहे. कोणी त्यातून विणकाम वाचणारा बनवेल, कोणी पत्ते वाचणारा, कोणी बिलं वाचणारा. अशा संचाला आमच्याकडे लायब्ररी म्हणतात. म्हणून बाबा जगाला सांगत सुटलाय की मुलगी लायब्ररीत लागली.

"हं" का म्हणते, तर आमच्या मॅडमनी मुदत दिली आहे. लायब्ररीवर तीन वर्षं गेली, आता ३१ मार्चपर्यंत असा माणूस दाखव म्हणाल्या, जो मी सोडून दुसरा कोणी आहे आणि ती खऱ्या कामाला वापरतो. नाहीतर लायब्ररी कपाटात आणि मी पगारपत्रकांच्या विभागात. तिथले लोक जेवतानासुद्धा बोलत नाहीत. पण तू काळजी करू नकोस. वापरणारे पुष्कळ आहेत.

तुझा अपमान पुन्हा होणार नाही. मी कालच बदल करून पाठवला आहे, तुझ्या यंत्रावर तो आपोआप पोचला असेल. आता त्याला जे कळणार नाही ते तो गुपचूप गाळेल आणि पुढे जाईल. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. तू फक्त वापरत राहा, आत्या. काहीही झालं तरी वापरत राहा.

एक विचारू का? यंत्रवाले सकाळी सकाळी तिथे काय करत होते? यंत्र तर मी येऊन गेले तेव्हा ठणठणीत होतं.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

बाही रस्त्यावर पोचली आहे. खालच्या न्हाव्याने दुकानाबाहेर येऊन, तिचं टोक हातात धरून, तशी खात्री केली. त्याच्या मागे एक गिऱ्हाईक होतं, अर्ध्या गालाला फेस लावलेलं. तेही हो म्हणालं.

आता नीट सांगते. आठवडाभर सुखात चाललं होतं. तुझा प्रोग्राम इतका सज्जन झाला की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मी लिहिलं, "पाठ जरा ऐसपैस ठेव, या बाई पट्टीच्या खाणाऱ्या आहेत," तरी चूप. मी लिहिलं, "आणि त्या दुसऱ्या बाईंचा गळा उंच घे, त्यांना स्वतःची मान आवडत नाही," तरी चूप. वाटलं, सगळं समजून घेतोय. पाठी झाल्या, पुढचे भाग झाले. परवा बाह्या लावल्या. गोल विणायचं ते यंत्र जिन्याच्या तोंडाशी आहे, तुला माहीत आहे. मी लिहिलं, "दोन सुलट, दोन उलट, असंच मनगटापर्यंत." लोकरीच्या सगळ्या रिळांची टोकं एकमेकांना जोडून ठेवली, म्हणजे मध्येच उठायला नको, आणि जरा एका कामाला बाहेर गेले.

आम्ही परत आलो तर जिन्यावर निळं काहीतरी उतरत होतं. अगदी सावकाश. बाही खाली ओढली जावी म्हणून तिच्या टोकाला वजन लावतात ना, ते वजन एकेक पायरी उतरत आलं होतं. टप्प. मग जरा थांबायचं. टप्प. न्हावी म्हणाला, "बाई, मला वाटलं वरून कोणीतरी पाहुणा येतोय, आणि फारच म्हातारा आहे."

यंत्रवाले धावत वर गेले, प्लग ओढला आणि वरच्या पायरीवर बसून इतके हसले की चष्मा घरंगळत खाली आला. तो बाहीत शिरला. तो काढायला आम्हाला जेवणाची वेळ झाली.

मी चिडलेली नाही. हसून पोट दुखतंय. पण मला एवढंच सांग: मनगट म्हणजे काय हे तुझ्या प्रोग्रामला ठाऊक नाही, तर त्याने विचारलं का नाही?

दुसरं. वापरणारे पुष्कळ म्हणजे कोण? दोन नावं सांग.

सोबत बाहीचा तुकडा पाठवते. न्हाव्याच्याच कात्रीने कापला.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. आधी मी टेबलाखाली जाऊन हसले. मग तो तुकडा नाकाला लावून तिथेच बसून राहिले.

चूक सरळसरळ माझी आहे. "मनगटापर्यंत" हा शब्द मी त्याला शिकवलाच नव्हता. आधीचा उर्मट प्रोग्राम असता तर तिथेच अडला असता, तुला अनपेक्षित म्हणाला असता, आणि बाही टेबलावरच राहिली असती. मी त्याला सज्जन केला. त्याने "मनगटापर्यंत" गुपचूप गाळलं. उरलं काय? "दोन सुलट, दोन उलट, असंच." आणि असंच म्हटल्यावर तो बिचारा असंच करत राहिला.

तू दुखावू नयेस म्हणून केलं गं. आणि खरं सांगायचं तर तू वापरणं सोडू नयेस म्हणून.

दोन नावं मागितलीस. पहिलं नाव: आत्या. दुसरं नाव नाही. एका गृहस्थाने माझी लायब्ररी उतरवून घेतली होती. मी आनंदाने त्याला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की त्याला दुसरं काहीतरी हवं होतं, चुकून बोट पडलं. तेव्हा माझे पुष्कळ म्हणजे तू एकटी आहेस. मी मॅडमना तुझंच नाव दिलं आहे. "विणकाम उद्योगातील एक जुनं आस्थापन" असं लिहिलंय. आत्या आहे हे लिहिलं नाही.

म्हणून हात जोडून एकच विनंती. बाहीची गोष्ट कुणाला सांगू नकोस. मॅडमच्या कानावर गेलं तर पगारपत्रकं ठरलेली.

आणि मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलंय. "जरा एका कामाला बाहेर गेले" आणि लगेच पुढच्या ओळीत "आम्ही परत आलो". आम्ही म्हणजे कोण?

भिंगरी


२ मार्च

प्रिय भिंगरी,

उशीर झाला. तुझ्या मॅडमना मी सविस्तर पत्र टाकलंय. पत्ता बाबाने दिला.

आता डोकं धरून बसू नकोस. मी काय कागाळी करणारी बाई आहे का? मी तक्रार केली आहे. तक्रार वेगळी. आपला दुधवाला वाईट असेल तर आपण दुधवाला बदलतो. चांगला असेल आणि एक दिवस पाणी घालून गेला, तर त्याला दारात उभा करून बोलतो. मी तुला दारात उभी केली आहे, एवढंच.

काय काय लिहिलं ते सांगते. बाहीची गोष्ट पहिल्या परिच्छेदात, न्हाव्यासकट. मग एकेक मुद्दा. तुझ्या प्रोग्रामला "मागच्यासारखंच" कळतं, पण मागच्या कोणासारखं ते विचारत नाही. डावी बाही झाली की उजवी उलटी लिहून द्यावी लागते, तेवढी अक्कल त्याला यायला हवी. "जरा" म्हणजे किती हे त्याने माझ्याकडून एकदा शिकून घ्यावं, मी काही रोज बदलत नाही. आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत: मला टोमणा चालेल, पण मी बोलले ते ऐकलंच नाही असं दाखवलेलं चालणार नाही. ज्याला कळलं नाही त्याने विचारावं. गप्प बसून जिना उतरू नये.

ते बोलणं कसं असावं याचा नमुनाही मी दिला आहे, कारण "अनपेक्षित शब्द, काम थांबवले आहे" ही काही माणसांची भाषा नाही. हे घे, प्रोग्रामात घाल:

"हा शब्द मला नवा आहे. समजावून सांग, मग पुढे जाऊ."

"हे माप माणसाचं आहे की कपाटाचं?"

"असंच? ठीक आहे. पण कुठपर्यंत?"

शेवटचं मला फार आवडलंय. यंत्रवाल्यांनाही.

बाहीचं पुढे काय झालं तेही ऐक. गायनमंडळाच्या बाई बघायला आल्या. ती निळी गुंडाळी बघून त्यांच्या डोळ्यांत भलताच उजेड पडला. म्हणाल्या, "ही कापू नका. शेवटच्या गाण्याला आम्ही सगळे हा एकच गळपट्टा घालून उभे राहू." मी म्हटलं, "आणि मध्येच कोणाला जावंसं वाटलं तर?" म्हणाल्या, "म्हणूनच. मागच्या वर्षी दोघं शेवटच्या गाण्याआधीच जेवायला पळाले होते."

आत्या

ता. क. प्रोग्राम लवकर सुधार. खऱ्या बाह्या अजून व्हायच्या आहेत.


१४ मार्च

आत्या, आत्या, आत्या,

मधले दिवस मी जगले कशी ते विचारू नकोस. दारात टपालवाला दिसला की मी पाणी प्यायला जायचे. काल मॅडमनी बोलावलं. टेबलावर तुझं पत्र. चारी पानं. समासात पेन्सिलीच्या खुणा.

"बस," म्हणाल्या. मी बसले. "हे विणकाम उद्योगातलं जुनं आस्थापन तुझं कोण लागतं?"

"तसं थेट... म्हणजे आस्थापन असं..."

"पाचव्या ओळीत तुला भिंगरी म्हटलंय."

"आत्या लागते," मी म्हटलं.

"सख्खी?"

"सख्खी."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता पगारपत्रकं. तर म्हणाल्या, "माझ्याकडे आजवर लोकांनी आपापल्या प्रोग्रामांच्या शिफारशी आणल्या. छान आहे, उपयुक्त आहे, आभारी आहोत. त्यातल्या एकानेही तो प्रोग्राम उघडलेला नसतो. 'जरा म्हणजे किती' हे प्रोग्रामने शिकावं असं जिला वाटतं, ती रोज वापरते." मग पान उलटलं आणि तो जिन्याचा भाग मोठ्याने वाचायला लागल्या. "टप्प"पर्यंत पोचल्या आणि पुढे वाचताच येईना. बाहेरून दोघं जण आत डोकावले. त्यांना वाटलं मॅडम रडतायत.

मग सावरून म्हणाल्या, "पण आत्या ती आत्याच. कौतुक असो की तक्रार, घरचीच. मी स्वतः जाऊन बघेन. कधी ते सांगणार नाही, नाहीतर तू आधी जाऊन सगळं झाडून ठेवशील."

तेव्हा आत्या, आता तूच सगळं. तू दिलेली वाक्यं जशीच्या तशी घातली आहेत, एकही शब्द न बदलता. गाळणं बंद. त्याला जे कळणार नाही ते तो विचारेल. "मनगट" शिकवलं, "कोपर" शिकवलं, "जरा"चा हिशेब एकदा तुला विचारून ठेवेल. "असंच" लिहून पुढे काही लिहिलं नाहीस तर उत्तर मिळेपर्यंत एक टाका घालणार नाही.

अनोळखी बाई दिसली की नीट वाग. चहा दे. स्टूल पुसून दे. आणि कृपा करून माझ्या लहानपणीचं काही सांगू नकोस.

यंत्रवाल्यांचं आणि "आम्ही"चं, दोन्ही उत्तरं तू गाळलीस. जुना प्रोग्राम तुझ्यावर गेला होता बहुतेक.

भिंगरी


२४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझी लायब्ररी वाचली. तुझ्या मॅडमनी काल माझ्या स्टुलावर बसून, उजवा हात वर धरून, हे मला सांगितलं. हात वर का, तर मी त्यांच्या काखेचं माप घेत होते.

आता ओरडू नकोस, ऐक. दुपारी एक बाई जिना चढून आल्या. दम लागलेला, खांद्याला पिशवी. गायनमंडळाच्या बाई म्हणाल्या होत्या की खालच्या सुरातली एक नवीन बाई माप द्यायला येईल. मी म्हटलं, "किती उशीर! सगळ्यांचे झाले, तुमच्या एकटीमुळे अडलंय. पिशवी ठेवा, हात वर करा." त्यांनी केला. बोलायला तोंड उघडलं तर मी म्हटलं, "बोलू नका, छाती फुगते, माप चुकतं." बराच वेळ त्या बिचाऱ्या बोलल्या नाहीत.

मग त्यांना यंत्रासमोर बसवलं. मी सगळ्यांकडून आपापली बाही लिहून घेते, म्हणजे नंतर कुरकुर नको. म्हटलं, "लिहा, जसं मनात येईल तसं." त्यांनी लिहिलं, "दोन सुलट, दोन उलट, असंच." आणि हात मागे घेतला, जणू काय होतंय ते बघायला. पडद्यावर आलं: "असंच? ठीक आहे. पण कुठपर्यंत?"

तर त्या हसायला लागल्या. मग त्यांनी मुद्दाम लिहिलं, "खालच्या न्हाव्यापर्यंत." त्यावर तुझा प्रोग्राम म्हणतो, "हा शब्द मला नवा आहे. समजावून सांग, मग पुढे जाऊ." त्यांनी एक भलतंच माप घातलं. "हे माप माणसाचं आहे की कपाटाचं?" हसून हसून त्या स्टुलावरून सरकल्या. मी एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्याने टेप. तेव्हाच त्यांनी सांगितलं की त्या कोण.

मी म्हटलं, "आधी नाही का सांगायचं?"

म्हणाल्या, "तुम्ही बोलू दिलंत का?"

मग चहा झाला. स्टूल पुसलं नव्हतं, त्याला आता इलाज नाही. तुझ्या लहानपणीचं एकच सांगितलं, ते मोज्यांचं. मग राहिलेलं काखेचं माप घेताना त्यांनी निरोप दिला तो असा: लायब्ररी कपाटात जाणार नाही, तू पूर्ण वेळ तिच्यावरच काम करायचं, आणि हे असं विचारणं फक्त विणकामापुरतं न ठेवता संचातच घालायचं, म्हणजे जो कोणी त्यातून आपला वाचणारा बनवेल त्यालाही ते मिळेल. लेखी आदेश या आठवड्यात तुझ्या टेबलावर येईल. आणि त्यांना तो निळा स्वेटर आवडला. बाही मनगटापर्यंतच झाली. मी दोनदा बघितलं.

आता तुझ्या प्रश्नाचं.

मॅडम जायला निघाल्या तेवढ्यात यंत्रवाले आले. यंत्राला काही झालेलं नव्हतं. गेले कित्येक महिने काही झालेलं नाही. त्या दिवशी मी बाहेर गेले होते ती गायनमंडळाच्या तालमीला. ते तिथे खालच्या सुरात गातात आणि मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकते. हे तू बाबाला सांगणार, माहीत आहे. सांग.

मी त्यांच्यासाठी मोजे लावत होते. पडद्यावर लिहिलं, "यंत्रवाल्यांच्या पायाचे." पडदा म्हणाला, "हा शब्द मला नवा आहे. समजावून सांग, मग पुढे जाऊ." आणि ते माझ्या खांद्यामागे उभे, चष्मा लावून! मी लिहिलेलं वाक्य यंत्र मलाच विचारत होतं, आणि तुझ्या मॅडम जिन्यात पिशवी धरून थांबलेल्या.

यंत्रवाले म्हणाले, "प्रश्न रास्त आहे, बाई. कोण आम्ही?"

मी म्हटलं, "तुम्हीच लिहा."

त्यांनी स्टूल ओढलं. दोन बोटांनी टाइप करतात, वेळ लागतो. त्यांनी लिहिलं, "रोज सकाळी येणारा माणूस. असंच."

तुझा प्रोग्राम काय म्हणाला ते तुला सांगायला नकोच. तो प्रश्न अजून पडद्यावर आहे. यंत्र कालपासून थांबून आहे, मी कोणाला हात लावू दिलेला नाही. राहिलेली एक बाही हाताने विणते आहे.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. तू आणि बाबा पहिल्या रांगेत बसा, मॅडम दुसऱ्या रांगेत आहेत. शेवटच्या गाण्याला सगळे त्या एका गळपट्ट्यात उभे राहतील. डावीकडचं टोक यंत्रवाल्यांच्या गळ्यात असेल. गायनमंडळाच्या बाईंनी त्याच्यापुढे हातभर मोकळा ठेवलाय आणि मला सांगितलंय की गात नसलात तरी चालेल, पण या. तिथून सुटल्यावर आम्ही दोघं कारखान्यात येऊ आणि मी उत्तर टाइप करेन.

तोवर एवढं कर. "शेवटपर्यंत" हा शब्द त्याला शिकवून ठेव.

आत्या